क बिंदूवरचा माणूस

लेओन्तिना बाईंच्या वर्गात अर्ध्या उत्तराला शून्य मिळायचं. रीत बरोबर आणि आकडा चुकला, शून्य. आकडा बरोबर आणि शेवटी ‘म्हणून’ लिहून वाक्य पुरं केलं नाही, तरीही शून्य. वालेआ सेआका गावच्या शाळेत बाकीचे मास्तर ओल्या चीजच्या गोळ्यावर आणि आलुबुखारच्या दारूच्या बाटलीवर सहा गुणांचे आठ करून द्यायचे. बाईंच्या दारात बाटली घेऊन गेलेला बाप मात्र बाटलीसकट परत यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोराला फळ्याशी उभं राहावं लागायचं. गाव बाईंना टरकून असायचं आणि पाहुण्यांपुढे त्यांची फुशारकीही मारायचं.

रुक्सांद्रा मोरोशान ही बाईंची लाडकी. आता लाड म्हणजे काय, तर बाकीच्यांना एक गणित दिलं की हिला तीन. बाकीची पोरं चुकली की बाई ओरडायच्या. ही चुकली की बोलायच्याच नाहीत, नुसतं खडू टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. रुक्सांद्राला ते ओरडण्यापेक्षा लागायचं. त्यामुळे ती चुकत नसे. तेरा वर्षांच्या पोरीला जितकं बरोबर असता येतं, त्याहून ती थोडी जास्तच बरोबर असायची.

तिचा बाप जाऊन एक हिवाळा लोटला होता. गाव्रिल मोरोशान जन्मभर स्प्रूसची झाडं पाडत आला. आदल्या शरदात ओनोफ्रेई मुकादमाच्या टोळीत काम करताना झाडाखाली सापडून तो गेला. कसा गेला, ते सगळ्या गावाला पाठ होतं, कारण मुकादमानं ते दारूच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर आणि पोलिसांसमोर त्याच त्या शब्दांत सांगितलं होतं. गाव्रिल एकटाच कापत होता. झाड बुंध्यावर फिरलं आणि उलटं त्याच्याच अंगावर आलं. चूक त्याची, देव त्याला क्षमा करो. मोठा मुलगा तोआदेर तेव्हा घोडा घेऊन खाली गेला होता. मुकादमाचा खांदा तेव्हा दुखावलेला, तरी त्यानं आणि तोआदेरनं मिळून प्रेत गाडीवर घालून घरी आणलं. पोलीस आले ते घरीच आले, वर रानात चढायची तसदी कुणी घेतली नाही.

तेव्हापासून तोआदेरनं करवतीला हात लावला नव्हता. लोक म्हणत, पोराला बापाचा घोर लागला. सतरा वर्षांचा दांडगा मुलगा दिवसभर गोठ्यात शेण ओढायचा, संध्याकाळी मामालिगाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट कांजीचे, चार घास खायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बर्फ पडायच्या आत त्यानं एक गोष्ट तेवढी केली. ओकचा क्रॉस आपल्या हातानं तासला, खांद्यावर घालून वर नेला आणि बाप पडला तिथे रोवून आला.

बर्फ वितळलं तशी बाईंच्या डोक्यात नवी कल्पना शिरली. जिल्ह्यात शाळांची स्पर्धा होती: गावच्या परिसरातून गणित शिकवा. बाई म्हणाल्या, “शहरातली पोरं काय मोजणार, फुटपाथच्या फरशा? आपल्याकडे अख्खं रान आहे.” सातवीचा वर्ग आठवडाभर हत्यारं बनवत बसला. कोनमापकाच्या सरळ कडेला पेनची रिकामी नळी चिकटवायची, मधल्या खुणेला दोरा आणि दोऱ्याला नट बांधायचा. नळीतून झाडाचा शेंडा बघायचा, दोरा कुठे लोंबतो ते दुसऱ्यानं वाचायचं. पंचेचाळीस अंश येईपर्यंत मागे मागे सरकत जायचं. मग झाडापासूनचं अंतर आणि आपल्या डोळ्यापर्यंतची उंची, दोन्ही मिळवली की झाली झाडाची उंची. दुसरं हत्यार पुठ्ठ्याच्या नळकांड्याचं. त्याच्या तोंडावर दोन दोरे फुलीसारखे ताणायचे. रानातून चालत जायचं, पावलागणिक थांबून नळकांड्यातून थेट डोक्यावर बघायचं. फुलीवर पानं आली तर ‘पान’ म्हणायचं, आभाळ आलं तर ‘आभाळ’. शंभरातली किती पानं निघाली, तितके टक्के रानाचं छत्र.

“बाई, आणि फुलीवर खार आली तर?” सेवेरिननं विचारलं. सेवेरिन मुकादमाचा पुतण्या. त्याला वर्गात हशा पिकवल्याशिवाय जेवण जात नसे.

“तर तुझं नाव लिही,” बाई म्हणाल्या. “तेवढंच डोकं आहे तिचंही.”

वर्ग हसला, रुक्सांद्राही हसली. त्या आठवड्यात ती बरीच हसली होती. घरी हसायची सोय नव्हती.

बाईंनी जागा निवडली ती चढावरची सपाटी. लागवडीचं रान, सगळी झाडं एका वयाची, एका अंगाची. शिवाय मध्ये झाडं पाडून पडलेलं भोकही होतं, म्हणजे भरलेलं छत्र आणि फाटलेलं छत्र दोन्ही एका जागी मोजता येणार. ती जागा कुठली, हे रुक्सांद्राला वाटेत कळलं. पुढे जाऊन ती हळूच म्हणाली, “बाई, तिथे आमचे बाबा...”

“ठाऊक आहे,” बाई थांबल्या नाहीत. “रान तुझ्या एकटीचं नाही, मुली. काम कर, कामानं बरं वाटतं.”

बाईंना तसं खरंच वाटत होतं. स्वतःचा नवरा गेला त्या आठवड्यातही त्यांनी एक तास चुकवला नव्हता.

वर पोचल्यावर पोरं पांगली. रानभर ‘पान, पान, आभाळ, पान’ असे आवाज उठू लागले, जणू पाखरांची शाळा भरली होती. रुक्सांद्रा भोकाखाली उभी राहून नळकांड्यातून बघत होती. आभाळ. एक पाऊल, आभाळ. आणखी एक पाऊल, आभाळ. मान खाली केली तेव्हा समोर तोआदेरनं तासलेला क्रॉस होता. ती इथे पहिल्यांदाच येत होती. आईनं कधी आणलं नव्हतं.

बाई टेप घेऊन आल्या. त्यांनी आधी त्या भोकातल्या जुन्या खोडांमधलं एकुलतं ताजं कापलेलं खोड बघितलं, मग क्रॉस, मग दोन्हींच्या मधली सरळ, मोकळी पट्टी. त्या पट्टीत अजून वाळलेल्या फांद्यांचा चुरा पडलेला होता.

“छान,” बाई म्हणाल्या. “खोड म्हणजे अ बिंदू. आणि हा क्रॉस क बिंदू धरा. हलत नाही, दुरून दिसतो, उत्तम खूण आहे.”

त्यांनी टेपचं एक टोक रुक्सांद्राच्या हातात दिलं आणि तिला क्रॉसपाशी उभं केलं. सेवेरिन दुसरं टोक धरून खोडाकडे चालत गेला. टेप ताणली गेली. रुक्सांद्रानं आकडा वाचून दाखवला. मग खोडाचा घेर घेतला, तेवढ्याच घेराची शेजारची झाडं निवडली आणि त्यांची उंची काढली. सगळी एकतीस-बत्तीस मीटरच्या आसपास भरली. उतरताना पोरं नळकांड्यांतून एकमेकांच्या कानात ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर आकृती काढली. अ पासून क पर्यंत जमीन आणि अ वर उभं एक झाड, तुटक रेघांचं, कारण ते आता नव्हतं.

“या खोडावर जे झाड होतं, ते किती उंच असेल? रुक्सांद्रा, ये.”

रुक्सांद्रा गेली. त्याच घेराची, त्याच वयाची झाडं एवढी, म्हणून हेही सुमारे बत्तीस मीटर. तिनं ‘म्हणून’ लिहून वाक्य पुरं केलं.

“अ ते क अंतर?”

“तीस.”

“यातून काय कळतं?”

“झाड या दिशेला पडलं असेल, तर त्याचा शेंडा क पर्यंत पोचला.” तिनं कंसाची तुटक रेघ काढून झाड आडवं केलं. “फांद्यांचा चुरा याच दिशेला होता. म्हणून ते याच दिशेला पडलं.”

“बरोबर. पुढे?”

पुढे काही नव्हतं. रुक्सांद्रा खडू ठेवायला वळली, तेवढ्यात मागच्या बाकावरून सेवेरिन बोलला. “पण बाई, हे जुळत नाही. हिचा बाप कापत होता ना? कापणारा खोडापाशी असतो. मग क्रॉस तिकडे शेंड्याजवळ कसा?”

कुणी हसलं नाही. सेवेरिननंही हसवण्यासाठी विचारलं नव्हतं. खरं तर मोजणी त्याला पहिल्यांदाच आवडली होती.

बाई इथे थांबू शकल्या असत्या. पुस्तक उघडा म्हणाल्या असत्या, तर कुणी अडवलं नसतं. पण प्रश्न रीतसर होता, आणि रीतसर प्रश्न अर्धा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“प्रश्न चांगला आहे. रुक्सांद्रा, उत्तर दे.”

“मला नाही माहीत, बाई.”

“माहीत नसायला काय झालं? सगळं फळ्यावर आहे. अर्धं सोडून जागेवर जाऊ नकोस.”

रुक्सांद्रानं फळ्याकडे पाहिलं. अ, क आणि मधली रेघ. तिच्या डोक्यात गणित नेहमी जसं सुटायचं तसंच सुटलं, कडी निघावी आणि दार आपोआप उघडावं तसं. आणि त्या एका क्षणी तिला आनंद झाला. नंतर आयुष्यभर तिला त्याच आनंदाची सगळ्यात जास्त शरम वाटली.

“क वरचा माणूस कापत नव्हता,” ती भराभर म्हणाली. “त्याच्या अंगावर शेंडा आला. म्हणजे कापणारा दुसरा होता, आणि तो अ पाशी होता. त्या दिवशी रानात तिघंच गेले होते. मुकादमांच्या खांद्याला तेव्हा पट्टा बांधलेला होता, त्यांना करवत उचलत नव्हती. म्हणून कापणारा...”

खडू तिच्या बोटांत मोडला.

“म्हणून?” बाई म्हणाल्या. त्यांच्याही आता ध्यानात आलं होतं. पण वाक्य लोंबकळत होतं.

“म्हणून तोआदेर,” रुक्सांद्रा म्हणाली.

वर्गात कुणाचा तरी कोनमापक खाली पडला. बाईंनी वही उघडली, तिच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले आणि म्हणाल्या, “बस जागेवर.”

घंटा झाली तेव्हा सेवेरिनचं बाक रिकामं होतं.

ती घरी पोचली तेव्हा आई चुलीपाशी मामालिगा ढवळत होती आणि ओनोफ्रेई मुकादम टोपी गुडघ्यावर ठेवून बाकावर बसला होता. तोआदेर दाराशी उभा होता.

“ही बघा आली पंडितीण,” मुकादम म्हणाला. “आस्पाझिया, पोर तुझी जिभेची लांब निघाली. दुकानात तीन माणसांनी मला विचारलं. तीन.”

“काय विचारलं?” आईनं ढवळणं थांबवलं नाही.

“काय विचारणार? की तुझ्या टोळीत कमी वयाचा पोरगा करवत चालवत होता का म्हणून. अगं, मी तुमच्या पोरासाठी खोटं बोललो, हे विसरू नका कुणी.”

“आमच्या पोरासाठी,” आई म्हणाली.

“मग कुणासाठी? मला काय, मी हात वर करून मोकळा झालो असतो. तेव्हा ही पोर उद्या वर्गात उभी राहून सांगेल की माझं चुकलं, मी उगाच बडबडले. कळलं का, गं?”

रुक्सांद्रानं मान खाली घातली. ‘चुकलं’ म्हणायचं, तर कुठे चुकलं ते दाखवावं लागणार, आणि आकृतीत चूक नव्हती. आत्ताही तिच्या मनात आधी हेच आलं.

मुकादम गेल्यावर आईनं डाव खाली ठेवला आणि तिच्या जवळ आली. मारील असं वाटलं, पण मारलं नाही.

“तुला ठाऊक होतं?” रुक्सांद्रानं विचारलं.

“तुझ्या बापाला शेवटची आंघोळ मी घातली. डोक्यात स्प्रूसची पानं आणि कोवळ्या फांद्या होत्या. बुंधा अंगावर आलेल्या माणसाच्या डोक्यात शेंड्याच्या काड्या कशा येतील? मला तुझा कोनमापक लागला नाही.” आईचा आवाज अगदी साधा होता. “मी गप्प राहिले. एक गेला होता, दुसरा घालवायचा नव्हता. तुला एकदा चुकता आलं नाही? अख्ख्या जन्मात एक गणित चुकायचं, तेही जमलं नाही?”

“आई, पुरे,” तोआदेर म्हणाला. बाप गेल्यापासून त्याचा इतका स्पष्ट आवाज घरात पहिल्यांदाच ऐकू आला. तो बाकावर बसला आणि रुक्सांद्राकडे न बघता सांगू लागला. “खाली ट्रक थांबला होता. मुकादमाला घाई. बाबा घोड्याची साखळी अडकली म्हणून सोडवायला गेले. मी म्हटलं, ते येऊ देत. मुकादम म्हणाला, गेला तो पलीकडे, काप. मी कापलं. मी ओरडलोच नाही, रुक्सा. पडताना ओरडायचं असतं, बाबांनीच शिकवलेलं. पलीकडे गेलेत म्हटल्यावर कशाला ओरडायचं, असं वाटलं.”

“मग क्रॉस तिथे का लावलास?” तिनं विचारलं. “खोडापाशी लावला असतास तर कुणाला कळलं नसतं.”

“पोलिसांना खोटं सांगितलं. पाद्रीबाबांनाही खोटंच सांगितलं. क्रॉस दुसरीकडे रोवायला हात होईना.”

मुकादमानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी कुणी पोलिसांकडे जायच्या आत तो स्वतःच गेला. म्हणाला, मी त्या पोराला करवतीला हात लावू नको म्हणून बजावलं होतं, त्यानं ऐकलं नाही. नंतर त्याच्या आईनं पाया पडून गळ घातली म्हणून दयेपोटी गप्प राहिलो. आईनं आधीच्या जबाबावर सही केली होतीच, त्यामुळे आता ती काही म्हणाली तरी खोटं बोलणारी बाई म्हणूनच धरली गेली. तोआदेरला विचारलं, मुकादमानं कापायला सांगितलं का? तो म्हणाला, “सांगणारा सांगतो. करवत माझ्या हातात होती.” यापुढे त्यानं काही बोलायचं नाकारलं. वय कमी म्हणून तुरुंग टळला, पण नावापुढे गुन्हा लागला. मुकादमाला समज देऊन सोडलं, आणि महिन्याभरात त्याची टोळी पुन्हा वर चढली.

गावानं तोआदेरला शिवीगाळ केली नाही. त्याहून सोपं केलं. ईस्टरच्या सकाळी चर्चच्या अंगणात लोक लाल अंडी एकमेकांच्या अंड्यांवर आपटत होते, ‘ख्रिस्त उठला’ म्हणत होते. तोआदेर अंडं हातात घेऊन उभा होता. माणसं त्याच्या डावीकडून गेली, उजवीकडून गेली. रुक्सांद्रानं पुढे होऊन आपलं अंडं धरलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, आपलं अंडं कोटाच्या खिशात घातलं आणि फाटकाबाहेर निघून गेला. शाळेतली धाकटी पोरं तर एक खेळच शिकली होती. तो रस्त्यानं दिसला की एकजण ओरडायचा, “पडतंय, बाजूला व्हा,” आणि बाकीची पळायची. एवढी छान कल्पना सेवेरिनच्याच डोक्यातून निघाली असणार असं सगळे म्हणत, पण ती त्याची नव्हती. तो आता मागच्या बाकावर मुकाट बसायचा.

एका संध्याकाळी रुक्सांद्रा गोठ्यात दूध काढत होती. तोआदेर येऊन गव्हाणीला टेकला.

“झाड पडायला किती वेळ लागतो, ते काढता येतं?”

तिची बोटं थांबली. “का?”

“येतं की नाही?”

“साधारण येतं.”

“मग काढ. एवढं झाड. कलायला लागल्यापासून जमिनीवर येईपर्यंत. आणि शेंड्याखालच्या माणसाला बाजूला व्हायला किती लागेल. त्यानं हाक ऐकली असती, तर.”

“दादा, नको.”

“वर्गात सांगितलंस ना सगळ्यांना? मला एकट्याला सांग.”

ती सांगू शकली असती की हे निघत नाही. वारा असतो, फांद्या अडकतात, नेम नाही. तिनं तोंड उघडलंही. पण तोआदेर तिच्या डोळ्यांत बघत होता आणि आकडे तिच्या डोक्यात आधीच जुळले होते. बाप पंचेचाळिशीचा, चपळ. सात-आठ पावलं बाजूला जायचं होतं.

“निघाले असते,” ती म्हणाली.

“आरामात?”

तिनं बादली उचलली.

“बरं,” तोआदेर म्हणाला, आणि तिच्या हातातली बादली घेऊन घरात ठेवून आला. त्या आठवड्यात तो गेला. स्पेनमध्ये कुणा ओळखीच्याचं संत्र्यांच्या बागेत काम चालू होतं. ‘तिथली झाडं माणसाएवढीच असतात,’ असं तो आईला म्हणाल्याचं रुक्सांद्राला नंतर कळलं. तिचा निरोप त्यानं घेतला नाही.

मे महिन्यात लेओन्तिना बाई घरी आल्या. चांगला कोट घातला होता. आईनं बसा म्हटलं नाही, तरी बसल्या.

“आपला पाठ जिल्ह्यासाठी निवडला गेला,” त्या म्हणाल्या. “छत्राची टक्केवारी, उंची, सगळं. मांडायला रुक्सांद्राच हवी. दुसऱ्या कुणाला येणार नाही. आस्पाझिया, जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. पण मुलीच्या डोक्याचा काय दोष?”

“डोकं तुमचंच आहे ते,” आई म्हणाली. “तुम्ही घडवलंत. घेऊन जा.”

“एक दिवसाचं काम आहे.”

“एक दिवस न्या, नाही तर कायमची न्या. मला काय विचारता?” आणि ती बाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

बाईंना वाटलं, परवानगी मिळाली. रुक्सांद्रा कोपऱ्यात उभी होती. नको म्हणायचं तिच्या मनात होतं, पण नको म्हणून त्या घरात बसायचं, हेही तिला झेपणारं नव्हतं.

जिल्ह्याच्या शहरात मोठं सभागृह होतं. टेबलामागे चार परीक्षक, पुढे पाण्याचे ग्लास. रुक्सांद्रानं नळकांडं दाखवलं, कोनमापक दाखवला, भरलेल्या रानाचं छत्र किती आणि फाटलेल्या रानाचं किती ते सांगितलं. मग आकृती लावली. अ म्हणजे खोड. क म्हणजे खूण. झाडाची उंची अशी काढली, म्हणून झाड इथवर पोचलं. पुढचं वाक्य बाईंनी काढून टाकलेलं होतं.

कडेचे एक म्हातारे परीक्षक चष्मा वर करून म्हणाले, “सुरेख. पण मुली, क बिंदूवर होतं काय? दगड?”

“लाकडी खूण,” बाई मागून म्हणाल्या.

“क्रॉस आहे,” रुक्सांद्रा म्हणाली. “तिथे माझे वडील गेले.”

एका बाईंनी रुमाल काढला. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला आणि कागदावर काहीतरी खोडून नवं लिहिलं. संध्याकाळी पहिला नंबर वालेआ सेआकाच्या शाळेचा आला. फोटो काढताना रुक्सांद्राला मध्ये उभं केलं. कुणीतरी म्हणालं, “किती धीराची मुलगी आहे.”

परतीच्या बसमध्ये बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. रुक्सांद्राला वाटलं, आपण सांगितलं ते त्यांना आवडलं नाही. मग बाई तिच्याकडे वळल्या.

“बरं झालं बोललीस,” त्या म्हणाल्या. “राजधानीत जायचंय आता. तिथे हे शेवटी सांग, आणि थोडं सावकाश. आज घाई केलीस.”

रुक्सांद्रानं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, नुसती काळजी होती, पाठ नीट बसावा याची. बाईंनी पिशवीतून चीज भरलेली पोळी काढली, अर्धी तिला दिली. तिनं ती खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

शरदात ती शहरातल्या मोठ्या शाळेत गेली, वसतिगृहात राहू लागली. शिफारस बाईंची होती. निघताना आईनं डब्यात चीज भरून दिलं, स्वेटर नीट घडी करून दिला, बस येईपर्यंत रस्त्यावर उभीही राहिली. बोलली एवढंच की खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो.

सुट्टीत ती घरी यायची. रविवारी दुपारी तोआदेरचा फोन यायचा. आई हात धुवेपर्यंत कधी कधी रुक्सांद्रालाच उचलावा लागे.

“दादा, मी बोलतेय,” ती म्हणायची.

तिकडून वारा ऐकू यायचा, दूर कुठेतरी माणसं परक्या भाषेत एकमेकांना हाका मारत असायची. तिला वाटायचं, या वेळी काही विचारील. तब्येत, शाळा, काहीही.

“आईला दे,” तोआदेर म्हणायचा.

ती फोन आईकडे द्यायची आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहायची, बोलणं संपेपर्यंत.